तासाला अकरा गाणी

2012 च्या पावसाळ्यात मी अंधेरीतील एका होऊ घातलेल्या मराठी संगीतवाहिनीत कामाला लागले, तेव्हा तेथे ना कॅमेरा होता, ना स्टुडिओ. चार टेबले, एक सर्व्हर, भिंतीवर एक पांढरा फळा आणि कोपऱ्यात गाण्यांच्या टेपांचे खोके, एवढाच वाहिनीचा संसार होता. माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी हाती आली होती, उपग्रहावरची जागा भाड्याने घेतलेली होती आणि सिग्नल वर पाठवणारे टेलिपोर्ट दुसऱ्याच कंपनीचे होते. मालिका करणाऱ्या वाहिनीला रोज नवे भाग चित्रित करावे लागतात. आम्हाला फक्त गाणी मिळवायची होती आणि ती ओळीने लावायची होती. हे काम सोपे असेल असे मला पहिला महिनाभर वाटत होते.

तो काळ अशा वाहिनीसाठी खरोखरच अनुकूल होता. 2010 च्या पहिल्या दिवशी प्रदर्शित झालेल्या ‘नटरंग’च्या गाण्यांनी मराठी चित्रपटसंगीताला मोठा श्रोता मिळवून दिला होता. पाठोपाठ 2011 मध्ये नाइनएक्स झकास ही चोवीस तास मराठी गाणी दाखवणारी वाहिनी आली आणि मराठी गाण्यांवर अख्खी वाहिनी चालू शकते, ही गोष्ट जाहिरातदारांनाही पटू लागली. त्यातच केबलचे डिजिटायझेशन सुरू झाले. जुन्या अॅनालॉग केबलवर मोजक्याच वाहिन्यांना जागा असे आणि त्या जागेसाठी केबलचालक जी कॅरेज फी मागत, ती देताना छोट्या वाहिनीचे कंबरडे मोडत असे. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 ला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद या शहरांसाठी 31 मार्च 2013 ही मुदत होती. आता जागाच जागा होईल आणि कॅरेज उतरेल, या हिशेबावर आमच्या मालकांनी पैसे घातले होते. 11 एप्रिल 2013 ला, गुढीपाडव्याच्या सकाळी, आमचे प्रक्षेपण सुरू झाले.

माझ्याकडे गाण्यांचा संग्रह आणि रोजचा तक्ता ही दोन कामे होती. बाहेरच्या माणसाला वाटते की गाणे मिळाले की दाखवले. प्रत्यक्षात एका गाण्याला पडद्यावर पोचण्याआधी पाच उंबरे ओलांडावे लागत. ते आधी सर्व्हरवर चढवायचे, मग त्याची तांत्रिक तपासणी करायची, मग कंपनीचे परवानगीपत्र आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र फायलीला लावायचे, आणि शेवटी गाण्याचे नाव, चित्रपट, गायक, संगीतकार यांची पट्टी तयार करायची. या पट्टीत सुरुवातीला गीतकाराचे नाव नसे. 2012 मध्येच कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क स्पष्ट झाला होता, आणि ज्याचा हक्क कायद्याने मान्य केला त्याचे नाव पडद्यावर असू नये, हे मला मनापासून चुकीचे वाटत होते. आमच्या कार्यक्रमप्रमुखांशी मी यावर दोन महिने बोलत राहिले आणि अखेर पट्टीत गीतकाराची ओळ आली. पुष्कळ गाण्यांचा गीतकार कागदपत्रांत सापडत नसे, म्हणून मी एक जाड नोंदवही केली आणि फोन करकरून तिच्यातील रकाने भरत गेले.

सेन्सॉरचा उंबरा सर्वांत उंच होता. केबल टेलिव्हिजन नेटवर्कच्या नियमांत 2006 मध्ये झालेल्या बदलानुसार कोणताही म्युझिक व्हिडिओ किंवा अल्बमचे गाणे ‘यू’ प्रमाणपत्राशिवाय वाहिनीवर दाखवता येत नाही. मोठ्या कंपन्यांकडे हे काम करणारी माणसे असतात. पण गावोगावच्या जत्रांत आणि एसटी स्थानकाबाहेरच्या दुकानांत ज्यांच्या व्हीसीडी खपत होत्या, त्या अहिराणी, कोळी आणि कोकणातल्या जाखडी नाचाच्या गाण्यांच्या निर्मात्यांना असे काही प्रमाणपत्र लागते हेच ठाऊक नव्हते. शिवाय त्यांच्याकडची मूळ प्रत बहुधा व्हीसीडीच असे. व्हीसीडीचे चित्र 352 गुणिले 288 बिंदूंचे आणि आमचे प्रक्षेपण 720 गुणिले 576 चे, त्यामुळे तपासणीत ते गाणे पहिल्याच फेरीत बाद होई.

मी मूळची शिरपूरची. 2013 च्या जून महिन्यात धुळ्याहून एक गृहस्थ रात्रभराचा प्रवास करून, पिशवीत सहा तबकड्या घेऊन आमच्या कार्यालयात आले. गाणी अहिराणी होती, स्वतः लिहिलेली, स्वतःच्या पैशाने चित्रित केलेली. “ताई, तुम्ही आपल्याकडच्या आहात असं कळलं,” एवढेच ते म्हणाले आणि तबकड्या टेबलावर ठेवल्या. त्यातील तीन गाण्यांचे मूळ चित्रण त्यांच्याकडे मिनी-डीव्ही कॅसेटवर शिल्लक होते. ते त्यांनी पुढच्या खेपेला आणले, आमच्या संकलकाने जेवणाच्या सुटीत बसून ते पुन्हा जोडले आणि प्रमाणपत्राचा अर्ज मी त्यांच्या शेजारी बसून भरला. श्रावणात, खानदेशातील कानबाई देवीच्या उत्सवाच्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता त्यातील एक गाणे लागले. दुपारपर्यंत आमचा दूरध्वनी धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, शिवाय सुरतेच्या उधना भागातून वाजत होता. सुरतेत खानदेशी माणूस मोठ्या संख्येने राहतो, आणि आमची वाहिनी तेथील केबलवर दिसते हे आमच्या वितरण विभागालाही त्या फोनांवरूनच कळले.

पुढची अडीच वर्षे मी याच पद्धतीने काम केले आणि नोकरीतील तोच काळ मला सर्वांत प्रिय आहे. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती आणि प्रोमो दाखवता येत नाहीत. उरलेल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत सरासरी अकरा गाणी बसतात, म्हणजे दिवसाला अडीचशेच्या वर गाणी लागतात. ही अडीचशे गाणी कोणत्या क्रमाने लावायची, यात आमची सारी विद्या होती. जाहिरातींनंतर लगेच ओळखीचे गाणे हवे, कारण रिमोट फिरवून गेलेला प्रेक्षक त्याच वेळी परत येतो. एका तासात एका गायकाची दोन गाणी शेजारी येऊ द्यायची नाहीत. आणि अनोळखी गाणे नेहमी दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये ठेवायचे, जसे पंगतीत नव्या पाहुण्याला दोन घरच्या माणसांच्या मध्ये बसवतात. अशा रीतीने तासाला तीन अनोळखी गाणी सहज खपून जात, आणि महिनाभराने त्यातलेच एखादे ओळखीचे होऊन दुसऱ्या अनोळखी गाण्याला हात देई.

वर्षाचा तक्ता पंचांग समोर ठेवून होई. आळंदी-देहूहून पालख्या निघाल्या की पहाटेचे दोन तास अभंगांचे, नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात कोळीगीते, गणपतीत चाकरमानी कोकणात पोचले की जाखडीची गाणी, लग्नसराईत दुपारी हळदीची गाणी. 6 डिसेंबर आणि 14 एप्रिल या दिवशी आम्ही पहाटेपासून भीमगीते लावत असू. भीमगीतांची परंपरा केवढी मोठी आहे, तिच्यात किती शाहीर, कव्वाल आणि गायनपार्ट्या आहेत, हे मला त्या नोंदवहीमुळे समजले. त्या एका विषयाची गाणी दिवसभर पुनरुक्ती न करता पुरतील एवढी होती. जाहिरातीही याच मातीतल्या होत्या: सराफी पेढ्या, मसाले, केशतेल, शहराबाहेरचे प्लॉट, अकरावी-बारावीचे क्लास. दर कमी असे, पण पैसे येत.

2015 पासून प्रेक्षकसंख्या मोजण्याची पद्धत बदलली. आकडे मोजणाऱ्या टॅम या संस्थेच्या जागी बार्क ही संस्था आली. तिच्या पद्धतीत प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते आणि निवडक घरांतील यंत्र ती ओळखते. सुरुवातीला देशभरात अशी वीस-बावीस हजार घरे होती. ऑक्टोबर 2015 पासून ग्रामीण भागाचेही आकडे येऊ लागले, आणि खेड्यांत आम्हाला किती पाहतात हे प्रथमच कागदावर दिसले. आमचे स्थान एकदम वर गेले. मुंबईतील मोठ्या जाहिरातसंस्था, ज्यांच्या दारात आमचा विक्री विभाग ताटकळत बसे, त्या आता स्वतःहून दर विचारू लागल्या. एप्रिल 2016 मध्ये ‘सैराट’ आला. त्याची चार गाणी चित्रपटाच्या आधीच घराघरांत पोचली होती, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या वाहिनीचा आकडा तिच्या आयुष्यातील सर्वांत वरच्या ठिकाणी होता. कार्यालयात पेढे वाटले गेले. फळ्यावर लिहिलेला तो आकडा कित्येक दिवस कोणी पुसला नाही.

माझ्या मते वाहिनीच्या उतरणीची सुरुवात त्याच उन्हाळ्यात झाली, आणि ती बाहेरून आलेली नव्हती. दर गुरुवारी येणारी आकडेवारी मिनिटामिनिटाची असते. तिचा आलेख आणि आमचा तक्ता शेजारी ठेवले की कोणत्या गाण्याला किती प्रेक्षक निघून गेले ते स्पष्ट दिसे. अनोळखी गाणे आले की रेषा खाली झुके आणि ‘सैराट’चे गाणे आले की वर उठे. व्यवस्थापनाने विचारले की मग रेषा खाली नेणारी गाणी लावायचीच कशाला? या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. आज वर नेणारे गाणे काल कधीतरी खाली नेणारेच होते, त्याला कोणीतरी पंगतीत बसवले म्हणून ते ओळखीचे झाले, हे मी सांगायला हवे होते. मी तसे ठामपणे सांगितले नाही. मला बढती मिळाली होती, आकडे माझ्याच तक्त्याचे कौतुक करत होते, आणि सत्तर गाण्यांची ती आखूड यादी मी स्वतःच्या हाताने तयार केली. दिवसाच्या अडीचशे जागा या सत्तर गाण्यांनी भरायच्या, म्हणजे प्रत्येक गाणे दिवसातून तीन-चार वेळा. बाकीचा संग्रह सणावारापुरता उरला, आणि पुढे सणावारीही त्यातली ठरावीक गाणीच निघू लागली.

दोन-तीन महिने या यादीने आकडा टिकवून धरला. मग 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झाले आणि काही महिने इंटरनेट फुकट मिळाले. दिवसातून चार वेळा लागणारे तेच गाणे आता प्रत्येकाच्या खिशात, हव्या त्या क्षणी, जाहिरातींचा तुकडा न पाहता वाजत होते. आम्ही जर आधीसारखी वेगवेगळ्या भागांतील, कानावर न पडलेली गाणी लावत असतो, तर फोन असलेला माणूसही अधूनमधून आमच्याकडे काय नवे आहे ते पाहायला आला असता, असे मला आजही वाटते. पण त्याच्या फोनमध्ये नसेल असे आमच्याकडे काहीच उरले नव्हते. तरुण प्रेक्षक आधी गेला. नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि प्लॉटवाले, पेढ्या, क्लास या आमच्या जुन्या जाहिरातदारांनी हात आखडले. मोठ्या संस्था जितक्या शांतपणे आल्या होत्या, तितक्याच शांतपणे आकडा घसरल्यावर गेल्या.

त्याच काळात गाणी देणाऱ्या कंपन्यांचे गणित पालटले. पूर्वी चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी नवे गाणे आम्हाला आधी मिळे, बऱ्याचदा विनामोबदला. आता ते आधी कंपनीच्या यूट्यूब चॅनेलवर येई आणि आमच्याकडे चार-आठ दिवसांनी, तेही परवान्याचे पैसे भरल्यावर. कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण यूट्यूबवर गाण्याचे पैसे त्यांना थेट मिळत होते. पण वाहिनीचा खर्च वाढत होता आणि पहिलेपणाचा मान गेला होता. धुळ्याचे ते गृहस्थही 2017 च्या सुमारास यूट्यूबवर गेले. प्रमाणपत्र नको, तपासणी नको, मुंबईची फेरी नको. अहिराणी गाण्यांना तेथे जो प्रतिसाद मिळाला तो पाहून मला मनापासून आनंद झाला. ही गाणी आमच्याकडे राहिली असती, ही खंतही त्याच वेळी वाटली.

1 फेब्रुवारी 2019 पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची नवी दरपद्धती लागू झाली. 130 रुपये आणि कर भरून ग्राहकाला शंभर वाहिन्या, त्यांत दूरदर्शनच्या वाहिन्या आल्याच, आणि बाकीच्या त्याने निवडायच्या. आमची वाहिनी निःशुल्क होती, त्यामुळे ती सगळेच घेतील असे आम्ही धरून चाललो होतो. पण निःशुल्क वाहिनीसुद्धा शंभरातील एक जागा अडवत होती, आणि बहुतेकांनी स्वतः निवड केलीच नाही. केबलचालकाने किंवा डीटीएच कंपनीने बांधून दिलेले पॅक तसेच स्वीकारले. त्या पॅकमध्ये असण्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागत. कॅरेज उतरेल या हिशेबावर उभी राहिलेली वाहिनी सहा वर्षांनी त्याच खर्चापुढे येऊन थांबली होती. डीडी फ्री डिशवरची जागा लिलावाने मिळते, आणि त्या बोली आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. शिरपूरला आईच्या घरी टीव्ही लावला तर आमची वाहिनी यादीत नव्हती. मी केबलवाल्या काकांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “पोरी, कुणी मागितलीच नाही गं.” त्यांनी माझ्यासाठी ती त्या एका घरात सुरू करून दिली.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत चित्रपट थांबले, म्हणून नवी गाणी थांबली, आणि जाहिराती जवळपास शून्यावर आल्या. एप्रिलपासून पगार अर्धे झाले. घरी बसून मी संगणकावरून तक्ते पाठवत होते, आणि आता आकड्यांना विचारणारे कोणी नसल्यामुळे जुनी नोंदवही काढून पुन्हा पूर्वीसारखे तास रचू लागले. जून महिन्यात वारी निघाली नाही, पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या, आणि त्या पंधरवड्यात आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ अभंग लावले. बऱ्याच वर्षांनी पत्रे आली, तीही बहुतेक वयस्कर लोकांची. ऑगस्टमध्ये बंद करण्याची सूचना मिळाली आणि 30 सप्टेंबर 2020 च्या मध्यरात्री प्रक्षेपण थांबले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झी वाजवा ही नवी मराठी संगीतवाहिनी सुरू झाली, त्यामुळे मराठी गाण्यांच्या वाहिनीचे दिवसच संपले होते असे मी म्हणणार नाही. स्वतःची गाणी आणि स्वतःचे वितरण ज्यांच्याकडे असते, ते अशा काळातही उभे राहू शकतात. आमच्याकडे दोन्ही नव्हते. आमचे म्हणावे असे जे होते, ते आम्ही 2016 मध्ये कपाटात ठेवून दिले होते.

वाहिनी बंद करण्याचीही एक रीत असते. परवाने संपलेली गाणी सर्व्हरवरून पुसून तसे लेखी कळवावे लागते. मोठ्या कंपन्यांचे हे काम आठवड्याभरात उरकले, कारण त्यांच्या गाण्यांच्या उत्तम प्रती त्यांच्याकडे होत्याच. छोट्या निर्मात्यांचे तसे नव्हते. त्यांच्या तबकड्या आणि कॅसेटी आमच्या कपाटात होत्या, आणि काहींच्या बाबतीत जगात तेवढीच प्रत शिल्लक असण्याची शक्यता होती. ऑक्टोबरभर मी नोंदवहीतील क्रमांकांवर फोन करत होते. निम्मे क्रमांक बंद होते. कोळीवाड्यातील एका गायकाच्या मुलाने वडील मे महिन्यात गेल्याचे सांगितले आणि तो त्याच दिवशी संध्याकाळी कॅसेट घ्यायला आला. धुळ्याच्या भाऊंना प्रवास शक्य नव्हता. त्यांची प्रमाणपत्रे आणि मिनी-डीव्ही कॅसेट मी कुरिअरने पाठवली, आणि पोचल्यावर त्यांनी कानबाईच्या त्या रविवारची वेळ बरोबर सांगितली, साडेआठ.

प्रक्षेपित झालेल्या मजकुराचे चित्रण नव्वद दिवस जपून ठेवण्याचा नियम आहे. म्हणून सर्व्हर डिसेंबरअखेरपर्यंत चालू ठेवला होता आणि त्यानंतर तोही रिकामा झाला. न सापडलेल्या निर्मात्यांच्या एकेचाळीस तबकड्या व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीने माझ्याकडे आहेत. नोंदवहीत त्यांपैकी सव्वीस गाण्यांच्या गीतकारांचा रकाना अजून कोरा आहे, आणि तो भरण्यासाठी मी या दिवाळीनंतर नंदुरबार आणि साक्रीकडे जाणार आहे.